दहा लाखाला तीन कमी

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यातल्या आमच्या गॅलरीत पेपर तोंडावर घेऊन पेंगत होतो. त्याची सून एवढंच म्हणाली, ‘काका, बाबा गेले.’ मी विचारलं, ‘कुठं?’ ... महिना होत आला, तरी त्या ‘कुठं’ची लाज वाटते.

आम्ही कन्नड गावच्या शाळेतले दोस्त. पुढं तो गणिताचा मास्तर झाला, मी एसटीत कारकून. गणितात मी ढ. ‘सत्त्याण्णव’ म्हटलं की कानात आधी सात पडायचा, मी आधी सातच लिहायचो, की झाले एकोणऐंशी! ‘सुध्या, आकडा कानानं नको लिहू,’ हे तो साठ वर्षं सांगत आला.

रिटायर झाल्यावर त्यानं एक आकडा धरला होता. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे सत्त्याण्णव. दहा लाखाला तीन कमी. त्याला कशानं पूर्ण भाग जातो, की एक आणि तो स्वतः सोडून कशानंच जात नाही, म्हणजे अविभाज्य आहे, हे हातानं काढायचं. मशीन वर्ज्य. दुपारी कूलर घुमायचा, पडद्यातून हिरवट उजेड यायचा आणि हा भागाकार मांडत बसायचा. मी शेजारच्या खुर्चीत अर्धा झोपेत. ‘लई मुजोर आहे रे, बाकी उरलीच,’ तो म्हणायचा. झोपेत मला वाटायचं, कुणीतरी लांबच्या गल्लीत एकेक दार वाजवत चाललंय... त्या दुपारी संपूच नयेत असं वाटायचं.

मग हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यातून त्याचा फोन आला. ‘सुध्या, सातशे तेहतीसपर्यंत आलोय. हजाराच्या आत निकाल लागतोच, पण आता माझा भरवसा नाय. मशीनला विचार. न कळता जायला नको.’ त्यानं आकडा सांगितला, मी लिहिला, मोबाइलला विचारलं. ‘रंग्या, अविभाज्य!’ मी ओरडलोच. तो म्हणाला, ‘व्हय का? शाबास रे.’ चौथ्या दिवशी तो गेला. उत्तर ऐकून गेला, एवढंच मला समाधान होतं.

परवा सुनेनं त्याची वही आणून दिली. माझ्या फोननंतरही गडी थांबला नव्हता. हाताला सलाइन असणार, अक्षर वाकडं. ७३९, ७४३, ७५१, सगळीकडं बाकी. मग ७५७. भागाकार १३२१. बाकी शून्य. खाली लिहिलं होतं, ‘सुध्यानं पुन्हा एकोणऐंशी केले. त्याला सांगायचं नाय. लई खूश होता.’

मी रडलो. रागही आला. अरे, एक शिवी तरी हासडायचीस!

माझा तो चुकलेला, शेवटी एकोणऐंशीचा आकडा मात्र खरंच अविभाज्य आहे, असं मोबाइल म्हणतो. म्हणू दे. मी त्याच वहीच्या पुढच्या पानावर हातानं सुरू केलंय. आज तेरानं भागलं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बाकी सहा आली. बरोबर आहे की नाही कळेना, म्हणून ‘रंग्या, बघ रे जरा’ म्हणत वही शेजारच्या खुर्चीकडं सरकवली.