दसऱ्याला घासलेलं रिव्हॉल्व्हर

"काकू, हे कशानं घासलंत?"

"चिंच-मीठ. आणि तो हिरवा स्क्रबर. काल दसरा नव्हता का? शस्त्र काय मळकंच पूजायचं?"

लंडनच्या स्टॅनमोर उपनगरातल्या त्या डायनिंग टेबलावर काकांचं अमेरिकन रिव्हॉल्व्हर नव्या तांब्यासारखं चकाकत होतं. वर हळदीकुंकू. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

मी तेव्हा तिथल्याच एका लिलाव कंपनीत जुन्या शस्त्रांची व्हॅल्युअर होते, म्हणजे त्यांचा अस्सलपणा आणि किंमत ठरवायचे. काका रिटायर्ड जीपी, आणि त्यांना एकच वेड: कन्व्हर्जन रिव्हॉल्व्हर्स. म्हणजे काय, तर आधी या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि शिशाची गोळी पुढून ठासायचे. मग धातूची तयार काडतुसं आली. चांगलं रिव्हॉल्व्हर फेकायचं कशाला? फॅक्टरीनं सिलिंडरचा मागचा भाग कापला, तिथे रिंग बसवली, झालं काम! ती काडतुसं आता कुणी बनवत नाही, म्हणून असलं अँटिक इथे शोभेची वस्तू म्हणून लायसन्सशिवाय ठेवता येतं.

एका छोट्या म्युझियमनं काकांचं रिव्हॉल्व्हर डिस्प्लेसाठी मागितलं होतं. काका तेव्हापासून हवेत. अट एकच, बदल त्या काळातलाच आहे असा माझा रिपोर्ट हवा. त्याचा मोठा पुरावा म्हणजे पॅटिना, धातूवर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर. फ्रेमवर आणि रिंगवर तो सारखा असेल तर काम जुनं. नसेल तर कुणी अलीकडे शेडमध्ये बसून केलेलंही असू शकतं. काकूंनी पुरावाच धुऊन टाकला होता.

काका लेस्टरला लेकीकडे गेले होते, ते तेवढ्यात परतले. टेबलाकडे बघून "अगं..." एवढंच म्हणाले आणि कोटासकट खुर्चीत बसले.

"तुम्ही नव्हतात. म्हटलं, तुमची पूजा चुकायला नको." काकू पदरानं हळदीकुंकू पुसायला लागल्या. मला दोघांचंही भयंकर वाईट वाटलं.

"स्वाती, रिपोर्टमध्ये काय लिहिशील?" काकांनी विचारलं.

"नुकतंच घासलेलं आहे, बदल कधीचा ते खात्रीनं सांगता येत नाही. काका, मला दुसरं काही लिहिता येणार नाही हो."

"म्हणजे म्युझियम गेलं."

"बहुतेक."

काकांनी कोट काढला. "लिही. पण कुणी घासलं असं विचारलंच, तर मालकानं म्हणून सांग."

"अहो, पण मी..."

"तू चहा टाक. आणि श्रीखंड ठेवलंयस ना माझ्यासाठी?"

म्युझियमनं अगदी गोड शब्दांत नकार कळवला. क्युरेटरनं मला फोनवर विचारलं, "इतक्या जाणकार माणसानं हा गाढवपणा केलाच कसा?" मी म्हटलं, "त्यांनाच ठाऊक." काकांनी तसंच बजावलं होतं ना!

तेव्हापासून मराठी घरात व्हॅल्युएशन असेल, तर मी घट बसायच्या आत अपॉइंटमेंट घेते.