डाळ मिलच्या निगेटिव्ह

त्या दिवशी पेपरात डाळ मिलचा फोटो छापून आला आणि संध्याकाळी एका बाईंचं काम गेलं.

फोटो आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्यांनी काढला होता. दुष्काळात लातूरला आलेल्या बायका मिलमध्ये किती धूळ गिळतात, ते नव्यानेच झालेल्या लातूर जिल्ह्याच्या कलेक्टर साहेबांना दिसावं म्हणून. ‘काढू का?’ असं दोनदा विचारल्याशिवाय ते बटण दाबत नसत. या बाईंना म्हणाले, “पदर तोंडावरच राहू द्या.”

त्या हसल्या. “आवो दादा, मग ही मीच हाय, हे कळंल कसं?”

पदर निघाला, आणि मालकाने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओवाल्यांसोबत मिलवर गेलो. ते मालकाला म्हणाले, “फोटो खोटा आहे. इथं धूळ नसते.”

“मग निगेटिव्ह आणा, इथंच जाळा.”

त्यांनी स्टुडिओतून आणून मिलच्या सगळ्या जाळल्या. मी जमिनीकडे पाहत उभा होतो. बाईंना त्याच धुळीत पुन्हा घेतलं.

“लई उपकार झाले, दादा,” त्या म्हणाल्या. स्टुडिओवाल्यांनी मान वर केली नाही. पुढे मिलवरून जाताना ते पलीकडच्या कडेने चालत.

गेल्या महिन्यात ते वारले. स्टुडिओत आता लग्नांच्या आणि पासपोर्टच्या निगेटिव्ह आहेत. मिलची एकही नाही.