पुढच्या सीटवर रीना

प्रफुल्ल रामटेके रायपूरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. आठवडाभर मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक आणि स्प्रिंगा बघायचा आणि रविवारी सकाळी स्कूटर काढून शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर जायचा. तिथे ग्लायडरचा क्लब होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जमिनीवरचं विंच तारेने ओढून ते वर चढवतं, तार सुटते आणि मग गरम हवेचे वर जाणारे झोत शोधत, घारीसारखं गोल फिरत, वरच राहायचं. जमेल तितका वेळ.

हे वेड कॉलेजातल्या एनसीसीपासूनचं. वडील गुलाबराव भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले होते. त्यांनी तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की उडायचं तर उड, पण नोकरी सुट्टीच्या दिवशी करता येत नाही, उडणं येतं. प्रफुल्लने ते तंतोतंत पाळलं. लग्न झालं, चेतना झाली, ती शिकून भिलाईला नोकरीला लागली, आणि त्याचे रविवार आहे तसेच राहिले. बायको रीना घरीच ब्लाउज शिवायची. अस्तराचं कापड आणायला गोल बाजारात जाईल, नात्यातल्या लग्नाला गोंदियाला जाईल, पण त्या धावपट्टीवर ती कधी गेली नव्हती. तिने विचारलं नाही आणि त्यानेही बोलावलं नाही. भांडण असं काही नव्हतं. एकेका घरात एखाद्या खोलीचं दार लोटलेलंच राहतं, तसं ते राहून गेलं होतं.

होळी झाल्यावर क्लबची शनिवार-रविवारची शर्यत असायची. महानदीवरचा पूल, तिथून एका मोठ्या तलावाचा बांध आणि परत धावपट्टी, असा त्रिकोण. जो कमी वेळात फिरून येईल तो पुढे. प्रफुल्ल आणि ब्राह्मणपाऱ्यातला त्याचा दोस्त नरहरी दोन सीटच्या गटात उतरायचे आणि त्या गटात दोन्ही सीटवर माणूस हवाच असा नियम होता. यंदा शुक्रवारीच नरहरीची दाढ काढावी लागली. गाल सुजला, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं. प्रफुल्ल फोन ठेवून पलंगावर बसून राहिला.

रीना मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "मी बसली तर चालते काय?"

"तुले भीती नाही वाटणार?"

"वाटन. मंग काय?"

शनिवारी क्लबचा सेक्रेटरी यशदीप याने भाभीजी भाभीजी करत तिला पॅराशूट चढवलं, पट्टे आवळले, कशाला हात लावायचा नाही ते सांगितलं. पाहुण्याची सीट पुढे असते आणि चालवणारा मागे. त्यामुळे दोन्ही दिवस उडताना प्रफुल्लला बायकोचा चेहरा दिसला नाही. दिसला तो डोक्याला घट्ट बांधलेला निळा स्कार्फ. तार ताणली गेली, नाक आभाळाकडे झालं, तेव्हा तो स्कार्फ मागे टेकला आणि तसाच राहिला. तार सुटल्याचा खट्ट आवाज आला आणि एकदम सगळं शांत झालं. नुसती हवा सरकत होती.

खाली पळस फुललेले होते, उत्तरेला सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर एका बाजूला कललेला दिसत होता. रीनाने विचारलं, आपली कॉलनी कोणत्या बाजूला. त्याने सांगितलं. मग स्कार्फ पुन्हा मागे टेकला. झोतात शिरलं की गोल गोल फिरावं लागतं आणि नवख्याला ते मानवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी ते तिसरे आले. उतरल्यावर ती धावपट्टीच्या कडेला जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं. रविवारी तिने सकाळी फक्त मुरमुरे खाल्ले आणि जिभेखाली आल्याचा तुकडा धरला.

रविवारी त्यांचं नशीब चांगलं होतं. पुलापाशी जोरदार झोत मिळाला, बांधापर्यंत फारसं फिरावंच लागलं नाही. यशदीपचं ग्लायडर बरंच मागे, एक पांढरी रेघ होऊन राहिलं होतं. पहिलं यायची अशी संधी प्रफुल्लला आजवर मिळाली नव्हती. मग पश्चिमेकडून पातळ ढग पसरले, ऊन मंदावलं आणि हवा थंडावली. चढलं की टिटी करणारं यंत्र मुकं झालं. ग्लायडर खाली खाली येऊ लागलं.

समोर धानाच्या खाचरांचा पट्टा होता. लहान लहान तुकडे, प्रत्येकाला बांध. तिथे उतरावं लागलं तर चाक बांधावर आपटणार. पट्ट्यापलीकडे धावपट्टी. उंची पुरेल असं वाटत होतं, पुरणार नाही असंही वाटत होतं. डाव्या हाताला मात्र भाठा होता, लाल मुरमाची मोकळी पडीक जमीन, तळहातासारखी सपाट. प्रफुल्लने निळ्या स्कार्फकडे पाहिलं आणि ग्लायडर डावीकडे वळवलं.

उतरणं अगदी सुरेख झालं. धूळ बसते न बसते तोच गावातली पोरं धावत आली, त्यांच्यामागून मोहफुलांची टोपली कमरेवर घेतलेली एक बाई आली. तिने विमानाकडे पाहिलंच नाही, सरळ रीनाकडे गेली. "कहाँ ले आए हव दीदी?" कुठून आलात, असं ती विचारत होती. रीना म्हणाली, "रायपुर ले." बाईने पोराला पिटाळून पाण्याचा लोटा मागवला. थोड्या वेळाने यशदीपचं ग्लायडर डोक्यावरून गेलं. वाटेत त्याला कुठेतरी झोत सापडला असावा, चांगलं उंच होतं. ते खाचरांवरून आरामात पार झालं.

क्लबची ट्रॉली यायला वेळ होता. पोरांना पंखांपासून लांब बसवून दोघं एका मोहाच्या झाडाच्या सावलीत टेकले. रीना लोटा हातात धरून होती.

"माह्यामुळे उतरवलं ना?"

प्रफुल्लला आधी नाही म्हणावंसं वाटलं. पण तिने मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं होतं.

"हव," तो म्हणाला.

"नरहरीभाऊ असते तं?"

"तं गेलो असतो. निघालं असतं बहुतेक."

"नरहरीभाऊच्या घरी शारदावहिनी नाही काय?"

समोरची पोरं ग्लायडरच्या शेपटीवरचा नंबर मोठ्याने वाचत होती. इतक्या वर्षांत आपण उंचीचा, वाऱ्याचा, ऊन-ढगांचा हिशेब केला, पण घरी कुणी वाट बघत असेल हे त्या हिशेबात कधी धरलं नाही, हे प्रफुल्लला पहिल्यांदाच जाणवलं. रीना दर रविवारी काय करत असते, हेही आपण कधी विचारलं नाही, असं वाटलं. त्याने ते आता विचारलं.

"शिवत असते," ती म्हणाली. "स्कूटर आली का आली नाही, तिकडं कान असते. बाकी काही नाही."

हे ती तक्रारीने म्हणाली नाही. अस्तर संपलं म्हणावं, तशी म्हणाली. मग तिने लोट्यातलं उरलेलं पाणी त्याला दिलं.

ट्रॉली आली, पंख सोडवले, पोरांनी उचलायला हात लावला. परतेपर्यंत ऊन उतरलं होतं. यशदीप जिंकला, हे दोघं शेवटून दुसरे आले. यशदीपने प्रफुल्लला बाजूला घेऊन म्हटलं, भैया, थोडा और खींचते तो आ जाते. प्रफुल्ल हसला, "शायद" म्हणाला, आणि विंचची तार गुंडाळायला मदत करायला गेला.

त्यानंतर रीना आणखी दोनदा पुढच्या सीटवर बसली. मग म्हणाली की पाठ दुखते, आता पुरे. नरहरीची दाढ बरी झाली आणि तो परत आला. खाचरांच्या पट्ट्याशी उंची कमी असली की प्रफुल्ल आता भाठ्याकडे वळतो. नरहरी सुरुवातीला कुरकुरला. कारण सांगितल्यावर मात्र त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

उतरल्यावर प्रफुल्ल आधी घरी फोन लावतो. रीना फोन खांद्याला धरते, त्यामुळे मागे मशीनचा आवाज येतच असतो. "उतरलो," तो म्हणतो. ती "हव" म्हणते आणि येताना भाजी आणायला सांगते.