मोटारीच्या अंगावर घोंगडी

१९३८ सालच्या पौषात भोरहून वेल्ह्याला जाऊन यायला मी एका व्यापाऱ्याची मोटार अठरा रुपयांना ठरवली, पेट्रोल त्यांचे. ठरवताना दुकानात तिघेच होतो: शेठ, त्यांचा ड्रायव्हर आणि मी. चौदा रुपयांतही मोटार मिळत होती. पण या एकीत हीटर होता. ती आधी उत्तरेकडच्या थंड मुलखात एका लष्करी अधिकाऱ्याकडे होती.

हीटर मला आक्कासाठी हवा होता. माझी ही थोरली बहीण वेल्ह्याला दिलेली. तिला दमा होता. पुण्याचे छातीचे डॉक्टर महिन्यातून एक दिवस भोरला येत आणि सकाळी दहाला परत निघत, म्हणजे आक्काला पहाटेच्या गारठ्यात निघणे भाग. आदल्या वर्षी बैलगाडीतून आणताना वाटेत तिला धाप लागली आणि गाडी माघारी वळवावी लागली. बंद मोटारीत कोंडते म्हणून काच उघडी हवी, आणि उघड्या काचेतून गार वारा येणार. शेगडी ठेवली तर धूर. तेव्हा हीटर.

"आमच्या गाडीचा उष्णतेचा काटा कात्रजच्या घाटातसुद्धा वर चढत नाही," शेठ म्हणाले होते. "अशी दुसरी दाखवा भोरात!"

वेल्ह्याला जाताना हीटर लावून पाहिला. पायांवर वारा आला, पण गार.

"अजून विंजिन तापलं न्हाई, दादा," ड्रायव्हर म्हणाला.

वेल्हे आले तरी वारा गारच. संध्याकाळी आक्काच्या दारात मी इंजिन चालूच ठेवायला सांगितले आणि बॉनेट उघडायला लावले. हा हीटर इंजिनातल्या गरम पाण्यावर चालतो. त्याचा पंखा फिरत होता. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ होते. हीटरकडे पाणी सोडणारी चावी उघडी होती. मग हीटरकडे जाणारी आणि तिकडून येणारी अशा दोन्ही रबरी नळ्या हाताने धरून पाहिल्या. जाणारी गरम आणि येणारी गार असती, तर मध्ये काही तुंबले असे म्हणता आले असते. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. घरी आंघोळीचा बंब मीच पेटवतो. बादलीत गार पाणी पडले तर तोटी खोलून काय मिळणार, आधी जाळ पाहायचा. इथे मुळात पाणीच तापलेले नव्हते.

"एवढी पळून गाडी कोमटच कशी?" मी विचारले.

"तीच तर गंमत हाय!" ड्रायव्हर खुशीत म्हणाला. "रेडिएटरकडं जायच्या पाण्याच्या वाटंत एक पितळी झडप असती. पाणी तापस्तोवर ती वाट अडवून धरती. घाटात कशाला पायजे ती? शेठनी उन्हाळ्यात काढून टाकली. हितं कुणीच ठिवत न्हाई."

"आणि आता कुठे आहे?"

"शेठच्या कपाटात असंल."

काटा वर का चढत नाही ते कळले, आणि हीटर का चालत नाही तेही. झडप काढल्यापासून हीटर कुणी लावलाच नव्हता.

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, म्हणाले, "मग उद्याचं ऱ्हाऊ द्यायचं का?"

आतून आक्का बोलली, "ऱ्हाऊ द्या म्हनू नका. आनिक म्हैनाभर न्हाई निघायची मी."

रेडिएटरला समोरून वारा लागतो म्हणून पाणी थंड राहते, तो वारा अडवू, असे मी सुचवले. ड्रायव्हर उसळला, "मोटारीचं नाक दाबायचं? पाणी उकळलं तर शेठ मला उकळत्याल!"

वरच्या वाडीतली एक धनगरीण मोटार बघायला थांबली होती. तिची घोंगडी मी मागितली. ती देता देता म्हणाली, "मानूस कुडकुडतंय आन् पांघरून मोटारीला! लई शिकलेली मानसं बाबा तुमी."

आक्का हसली आणि त्या हसण्याने तिला खोकल्याची मोठी उबळ आली.

पहाटे घोंगडीची दुहेरी घडी रेडिएटरवर सुंभाने बांधली आणि आक्का, दाजी, मी असे निघालो. विंझरपर्यंत वारा कोमट झाला, मार्गासनीला चांगला गरम. आक्काच्या बाजूची काच चार बोटे उघडी ठेवली होती.

"पायात जीव आला रं," ती म्हणाली.

पुढच्या चढाला काटा शेवटाला जाऊन टेकला. ड्रायव्हरने गाडी थांबवली. "दादा, म्या काढतो ही. विंजिन गेलं तर कोन भरून देनार?"

"सगळी काढली तर हिला भोरपर्यंत धाप लागल्याशिवाय राहणार नाही," मी म्हणालो. "अर्धी काढ."

थोडे थांबून घोंगडी वरून निम्मी खाली दुमडली आणि पुन्हा बांधली. काटा मध्यावर उतरला आणि तिथेच राहिला. तरी दर चढाला ड्रायव्हर एकदा काट्याकडे बघे आणि एकदा माझ्याकडे. कामथडी मागे पडली तेव्हा आक्काचा डोळा लागला होता.

डॉक्टर निघण्याआधी पाऊण तास आम्ही भोरला पोचलो. त्यांनी छाती तपासली, इंजेक्शन दिले, घ्यायचे औषध समजावून सांगितले. त्या दुपारी आक्का माझ्या घरी आडवी होऊन झोपली. आठ-दहा रात्री तिने भिंतीला टेकून काढल्या होत्या.

संध्याकाळी शेठकडे गेलो. ड्रायव्हरने त्यांना सगळे सांगितलेच होते. ते म्हणाले, "झडपेचं माझ्या ध्यानात नव्हतं. दोन रुपये कमी द्या."

येताना वारा गरम आला होता, म्हणून मी पूर्ण अठरा रुपये दिले. झडप मात्र थंडीपुरती परत बसवून घ्या, असे सांगितले. घोंगडी मोटारीच्या पुढच्या दिव्याच्या दांडीला घासून दोन जागी फाटली होती. दाजी वेल्ह्याला परतले तेव्हा ती आणि नव्या घोंगडीचे साडेतीन रुपये त्यांच्या हाती धनगरणीला पाठवले.