आत्याच्या नावाचं घर

आम्ही मालकाच्या गोठ्यात राहायचो. गारगोटीच्या रस्त्याला लागून आमचं गाव. वडील मालकाकडं सालगडी, आई त्यांच्याच शेतात भांगलायला. म्हशींच्या पलीकडं तट्ट्या मारून आमचा संसार मांडलेला. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्यातच असायची. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला हाकलून दिली होती. आई तिच्यापुढं शिळी भाकरी सरकवायची, तीही न बघता.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सरकारनं बेघर शेतमजुरांना घरं बांधून द्यायला काढली. गावाबाहेर माळावर ओळीनं भिंती उभ्या राहिल्या. ग्रामसेवक चौकशीला गोठ्यात आला आणि वर कौलांकडं बघत वडिलांना म्हणाला, "डोक्यावर छप्पर हाय की. तुम्ही बेघर कसं?"

मग त्याला कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली आत्या दिसली. "ह्या विधवा न्हवं? ह्यांना कुणाचा आसरा नसंल तर ह्यांचं आधी हुईल. साहेब येऊन बघतील मातूर."

त्या दिवशी आईनं आत्याला पहिल्यांदा दूध तापवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिचं अंथरूण माळावरच्या बाभळीखाली नेऊन टाकलं.

"वन्सं, साहेब येऊन जाईस्तवर हितंच ऱ्हावा. गोठ्याकडं फिरकू नगासा."

"थंडी लई हाय गं."

"घर पायजे न्हवं?"

साहेब काही लवकर आला नाही. मी तिला भाकरी पोचवायची. एकदा ती म्हणाली, "आज आत यिऊ का, इचार की आईला." मी विचारलं. आई म्हणाली, "आन् साहेब आजच आला तर?"

तो आला तेव्हा आत्या खोकत होती. जीपमधून उतरून त्यानं बाभळीखाली एक नजर टाकली. "ही खरी बेघर," असं म्हणून तो खूश होऊन गेला. तरी आईनं तिला आत घेतलं नाही. गावातलं कोणीतरी चुगली करेल, ही भीती. ताप चढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात न्या. आई म्हणाली, "किल्ली घ्यायला त्याच पायजेत. मग न्हिऊ."

किल्ल्या वाटायच्या दिवशी वडिलांनी आत्याला पाठीवर घेऊन मांडवात नेलं. पाहुण्यांनी तिच्या हातावर किल्ली ठेवली. तिची बोटं मिटेनात, म्हणून आईनं ती बाहेरून दाबून धरली. टाळ्या झाल्या. तिथून तिला घराकडं नेलं. दारात वडिलांनी खाली टेकवली, तोवर तिचा जीव गेला होता.

वडील तिला उचलून आत न्यायला लागले, तशी आई उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"पयल्याच दिशी घरात मडं नगं."

"आक्काचं घर हाय ते."

"व्हतं. आता आपलं हाय."

वडिलांनी आत्याला बाभळीखाली नेऊन ठेवलं. तिथूनच तिला उचलली. भाऊच वारस म्हणून ग्रामसेवकानं आम्हाला त्या घरात राहू दिलं. आईनं भिंती सारवल्या, चूल मांडली. वडील मात्र आत यायला तयार नव्हते. ताट दाराबाहेर मागून घ्यायचे, तिथंच घोंगडं टाकून झोपायचे. आईनं त्यांना एकदाही बोलावलं नाही. पावसाळा लागला, तसे ते आपणहून आत आले.