ओलोच्या स्टुलाचा चौथा पाय

आमचे हे, बदरुद्दीन, रत्नागिरीचे सुतार. हातात कसब, पण डोकं गरम. कुवेतमध्ये सुलैबियातल्या फर्निचरच्या कारखान्यात ह्यांच्या शेजारी ओलो काम करायचा, आफ्रिकेतल्या लोबी जमातीचा. त्याने स्वतः कोरलेलं तीन पायांचं बुटकं स्टूल होतं. माणसाचा जीव आपल्या स्टुलात राहतो, त्यावर दुसऱ्याने बसायचं नाही, असं तो मानायचा.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज शिरली आणि ओलोने जॉर्डनची वाट धरली. जाताना स्टूल आमच्या घरी ठेवून गेला. पुढे गॅस संपला, तेव्हा ह्यांनी आमच्या निकाहला बनवलेला पलंग फोडून चुलीत घातला, पण त्या स्टुलाला मला हात लावू दिला नाही!

पुढच्या वर्षी कुवेत सुटलं आणि ओलो परत येतोय असा निरोप आला. हे नाचायचेच बाकी होते! "तीन तिगाडा, काम बिगाडा! म्हणूनच ओलोवर संकट आलं," म्हणत ह्यांनी स्टुलाला झकास चौथा पाय बसवला.

ओलो आला. कडकडून मिठ्या झाल्या. मग स्टूल पाहून त्याने कपाळावर हात मारला. "उस्ताद, आमच्यात तीन पायांचं पुरुषाचं, चार पायांचं बाईचं!"

हे तणतणत करवत घेऊन धावले. ओलोने ती काढून घेतली. हसता हसता त्याचे डोळे भरले. "राहू दे. हे आता माझ्या बायकोला. माझा जीव तसाही तिच्यापाशीच असतो."

मी ह्यांच्याकडे वळले. "ऐकलंत? आणि तुम्ही माझा पलंग जाळलात!"