गोठ्याशेजारची खोली

"हिला पुढं कोणी बसवलं?"

वकीलसाहेब हे माईकवरच बोलले. रायपूरच्या बूढापाऱ्यातलं ते सभागृह भरलेलं होतं. 'ही' म्हणजे माझी आई. वय ऐंशीच्या घरात. अंगावर ठेवणीतलं लुगडं.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. तिकडं माळावर नवं शहर बांधायची बोलणी चालू होती, आणि इकडं सगळ्यांना एकदम पुरानी बस्ती आठवली. मूळ शहर तेच. तिथल्या जुन्या मराठी घराण्यांचा सत्कार होता. आईला आमंत्रण कुठलं? मीच तिला घेऊन गेले. ती त्या वस्तीची दाई. स्टेजवर सात जण बसले होते. त्यातल्या पाच जणांची नाळ तिनं कापली होती.

त्या पाचांतलेच एक वकीलसाहेब भाषणात म्हणाले, "माझा जन्म आमच्या देवघराला लागून असलेल्या खोलीतला."

आई जागेवरूनच बोलली. अगदी मायेनं. "नाही बाबू, गोठ्याच्या बाजूची खोली होती ते. देवघराकडे बाळंतिणीले कोण जाऊ देते? मीच होती तिथं. तुमी पायाळू आले होते."

लोक हसले. म्हणून तो प्रश्न.

एक कार्यकर्ता धावत आला. "अम्मा, पीछे बैठ जाओ." आई उठली. तिच्यामागं मीही उठले. ती लाज माझी आहे, आईची नाही.

आम्ही महार. आजी भंडाऱ्याकडून इकडं आली, तिच्याकडून हे काम आईकडं आलं. मागच्या बोळातून घरात शिरायचं. अडलेली बाई सोडवायची, पोराला पहिली अंघोळ घालायची. बारावा दिवस झाला की त्याच पोराला शिवायचं नाही. आईला सगळी पुरानी बस्ती मागच्या दारांवरून पाठ होती.

दोन महिन्यांनी वकीलसाहेब आमच्या घरी आले. हातात वही. जुन्या वस्तीवर पुस्तक काढत होते. कुठली विहीर बुजवली, कोणत्या बोळात कोण राहायचं, हे सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. खुर्ची दिली, बसले. पाणी दिलं, ते तसंच राहिलं. आई मात्र खुलली. सांगायला लागली.

मी मधेच विचारलं, "पुस्तकात आईचं नाव येईल न?"

"हे बघ बेटा, हे घराण्यांचं पुस्तक आहे. दाईचं काय लिहायचं त्यात?"

"मंग आई काही नाही सांगत. तुमी या आता."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ते वही मिटून गेले.

संध्याकाळी आई म्हणाली, "काहून हाकललं पोट्टे त्याले? माह्या हातचा होता तो." मला रडू फुटलं. हाकलल्याचं नाही. एवढं होऊनही तिला तो आपलाच वाटत होता, त्याचं.

मी समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रजिस्टर भरते. जन्माच्या नोंदीत एक रकाना असतो, प्रसूती कोणी केली. दुसऱ्याच दिवशी तो भरताना माझा हात थांबला. घरी येताना मी एक जाड वही घेतली. रोज आईजवळ बसायचं आणि लिहायचं. घर, खोली, पोर. शेवटच्या रकान्यात आईचं पूर्ण नाव. 'वरीलप्रमाणे' असं एकदाही लिहिलं नाही.

वकीलसाहेबांचं पुस्तक निघालं. त्यात ते देवघराशेजारीच जन्मले आहेत. पुढच्या वर्षी आई गेली. तिच्यासाठी कोणी सभा घेतली नाही.

आता वकीलसाहेबांचा मुलगा नवी आवृत्ती काढतोय. माझ्या वहीबद्दल त्याला कोणीतरी सांगितलं, म्हणून त्याचा फोन आला होता. "दीदी, वो कॉपी हमें दे दीजिए."

देणार नाही. त्याच सभागृहात पुन्हा वस्तीचा कार्यक्रम आहे, बोलायला मी नाव दिलंय; त्याच माईकवर ती वही मी वाचणार आहे. पहिली ओळ वकीलसाहेबांची. गोठ्याशेजारची खोली. पायाळू. पुढं माझ्या आईचं नाव.

माझी पाळी येईपर्यंत पहिल्या रांगेत बसेन. या वेळी उठणार नाही.